रिकाम्या घराचा पत्ता

यंत्र बंद पडले की माणसाला कारणाआधी आरोपी हवा असतो; आणि जो सर्वांत जवळ उभा असेल त्याच्यावरच बहुधा आरोप ठेवला जातो. 2008 च्या सप्टेंबरात लिनक्स या मुक्त संगणक-प्रणालीच्या जगात जे घडले, ते या मनुष्यस्वभावाचे बोलके उदाहरण होय.

प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, तेव्हा 2.6.27 या आवृत्तीच्या उंबरठ्यावर होता. तिचे कच्चे मसुदे ठिकठिकाणचे स्वयंसेवक आपापल्या यंत्रांवर चालवून पाहत होते. अशात काहींच्या संगणकातील नेटवर्क कार्ड एकाएकी मुके झाले. कार्डे इंटेलची, ती चालविणाऱ्या ड्रायव्हरचे नाव ई1000ई. संगणक पुन्हा सुरू केला, जुनी प्रणाली परत बसविली, तरी कार्ड बोलेना. आज्ञावलीतील चूक एरवी आज्ञावलीतच राहते. येथे ती देहात उतरली होती.

अशा कार्डाच्या पोटी एक लहानशी स्थायी स्मृती असते. वीज गेली तरी तिच्यातील मजकूर पुसला जात नाही. कार्डाचा स्वतःचा 48 बिटांचा पत्ताही तेथेच कोरलेला असतो. हा मजकूर अभंग आहे की नाही, हे पाहण्याची ड्रायव्हरची रीत मोठी गमतीची आहे. पहिल्या 64 शब्दांची बेरीज षोडशमान पद्धतीत बी-ए-बी-ए, म्हणजे मराठी कानाला चक्क ‘बाबा’, अशी यावी लागते. ती जुळली नाही, तर ड्रायव्हर कार्ड हाती घेण्याचे नाकारतो. या वेळीही त्याने नाकारले, आणि संशय त्याच्यावरच आला. काहींनी पडद्यावरील चित्रे सांभाळणाऱ्या आज्ञावलीकडे बोट दाखविले.

दोन आवृत्त्यांमधील बदल निम्मे निम्मे करीत जावे आणि दोष कोणत्या निम्म्यात उरतो ते पाहावे, ही अशा शोधाची रुळलेली वाट. पोथ्यांचे पाठ ताडून प्रक्षेप कोठे शिरला हे ठरविणाऱ्या संपादकाला ती अनोळखी वाटणार नाही. भेद एवढाच, की येथे सदोष पाठ उघडला तर उघडणाऱ्याचे कार्डच मरण्याची भीती होती. मजकुराची प्रत आधी काढून ठेवा, असे परीक्षकांना सांगण्यात आले. 9 ऑक्टोबरला आवृत्ती प्रसिद्ध झाली, तेव्हा कार्डाच्या स्मृतीला कुलूप घातलेले होते. चोर मात्र सापडला नव्हता.

तो निघाला भलत्याच ठिकाणी. कर्नलमधील कोणते कार्य केव्हा चालते याचा माग ठेवणारी एफट्रेस नावाची सोय या आवृत्तीत नव्याने आली होती. तिचे कर्ते स्टीव्हन रोस्टेट. प्रत्येक कार्याच्या दारी एक खूण असे. एफट्रेस त्या दाराचा पत्ता वहीत टिपून घेई आणि मागाहून सवडीने जाऊन ती खूण निष्क्रिय करी. पण काही घरे तात्पुरती असतात. एखादा घटक सुरू होण्यापुरत्या लागणाऱ्या आज्ञा काम संपताच मोडीत निघतात आणि ती जागा दुसऱ्याला मिळते. वहीतील पत्ता मात्र तसाच राहिला, आणि त्या पत्त्यावर आता कार्डाची स्थायी स्मृती राहावयास आली होती.

एफट्रेस बेसावध नव्हती. जुनी खूण दिसली तरच बदल करावा, एरवी हात लावू नये, अशी तिची योजना होती. परंतु त्यासाठी वापरलेली प्रोसेसरची आज्ञा अशी, की तुलना फसली तरी सापडलेले मूल्य ती तेथेच पुन्हा लिहिते. साध्या स्मृतीत याने काही बिघडत नाही. कार्डाच्या स्मृतीत मात्र ते शिलालेखावर छिन्नी टेकविण्यासारखे ठरले.

ऑक्टोबरच्या मध्यास 2.6.27.1 मध्ये ती सोय बंद करण्यात आली, आणि 2.6.28 मध्ये पत्ते टिपण्याची रीतच बदलली. दोष आपल्याच रचनेचा, हे रोस्टेट यांनी उघडपणे मान्य केले. मुक्या कार्डापासून त्या दूरच्या वहीपर्यंतची वाट परक्यांनाही चालता आली, कारण मधले प्रत्येक पान सर्वांसाठी उघडे होते.

ड्रायव्हर निर्दोष ठरला. बेरीज जुळत नाही, हे त्याने खरे सांगितले होते, एवढाच त्याचा अपराध.