बोटांचा माग

चेक प्रजासत्ताकातल्या दोल्नी व्येस्तोनित्से इथे १३ जुलै १९२५ रोजी राखेच्या थरात भाजलेल्या मातीची एक स्त्रीमूर्ती सापडली. दोन तुकड्यांत मोडलेली. उंची जेमतेम अकरा सेंटीमीटर, वय पंचवीस हजार वर्षांहून अधिक. ही मातृदेवता की आणखी कोणी, यावर पुढे पुष्कळ लिहिलं गेलं. २००४ साली तिची टोमोग्राफ तपासणी झाली आणि तिच्या अंगावर बोटाचा ठसा दिसला. सात ते पंधरा वर्षांच्या मुलाचा. त्या लेकराने ती घडवली असेलच असं नाही. पण विस्तवात जाण्याआधी, ओली असताना, तिला त्याचा हात लागला होता.

मृण्मूर्तींवर काम करताना हा ठसा मला सतत आठवतो. मूर्ती पाहिली की आपण पहिल्यांदा विचारतो, ‘ही कोण?’ ज्यांना ते ठाऊक होतं, त्यांनी लिहून काहीच ठेवलेलं नाही. ‘ही घडवली कशी?’ याचं उत्तर मात्र मातीतच असतं.

ते वाचायच्या तीन वाटा मी वापरते. पहिली फोटोग्रॅमेट्री. फिरत्या पाटावर मूर्ती ठेवून चहूबाजूंनी, एकमेकांवर चढणारी शंभर-दीडशे छायाचित्रं घ्यायची. त्यांतले समान बिंदू जुळवून संगणक मूर्तीची त्रिमितीय प्रतिकृती उभी करतो. दुसऱ्या वाटेत कॅमेरा स्थिर आणि दिवा फिरता. प्रकाश तिरपा पडला की नखाची खूण, ओल्या बोटाने सारवल्याची रेघ उठून दिसते. ठशातल्या रेषांमधलं अंतर मोजलं की वयाचा अंदाज येतो, कारण मुलांच्या रेषा दाट असतात. वाळताना आणि भाजताना माती आकसते, तेवढी दुरुस्ती मात्र करावी लागते. तिसरी वाट सूक्ष्म सीटी स्कॅनची. मूर्ती एका गोळ्यातून ओढून काढली की हातपाय वेगळे करून चिकटवले, हे आतल्या सांध्यांवरून आणि हवेच्या पोकळ्यांवरून कळतं.

याची गरज आपल्याकडे किती आहे, ते इनामगाव सांगतं. घोड नदीकाठच्या या गावी डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. जोर्वे या ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीच्या काळातल्या एका घराच्या जमिनीखाली झाकणाचं लंबगोल मातीचं पात्र निघालं. आत डोकं असलेली स्त्रीमूर्ती, वर बिनशिराची दुसरी आणि एक बैल. सगळं कच्च्या मातीचं. बिनशिराच्या मूर्तीच्या पोटाला आणि बैलाच्या पाठीला भोक होतं. काडी घालून तिला बैलावर बसवता येत होतं.

कच्ची माती पाणी सोसत नाही, फार हाताळणीही नाही. प्रतिकृती मात्र पडद्यावर हवी तितक्या वेळा जुळवून पाहावी, मूळ मूर्तीचा कणही झडत नाही. शिवाय स्कॅन अशा भोकाची कड दाखवतो. माती ओली असताना काडी खुपसली, तर ती बाजूला सरकून दबते. वाळल्यावर कोरलं, तर कडा कपच्यांनी तुटतात. पहिलं असेल, तर मूर्ती घडतानाच तिचं वाहन ठरलेलं होतं. दुसरं असेल, तर ते नंतर सुचलं. ‘ही कोण?’ या प्रश्नाकडे मी अशी भोकाच्या कडेवरून जाते.

म्हणून उत्खननात मृण्मूर्ती निघाली की लगेच घासूनपुसून स्वच्छ करू नका, असं मी विद्यार्थ्यांना कळकळीने सांगते. आधी सगळ्या बाजूंनी छायाचित्रं घ्या, बैठकीची आणि मोडलेल्या कडेचीसुद्धा. एखाद्या मुलाचं बोट तिथेच उमटलेलं असेल.