कोर्लईची कार्मेल माता

आमच्या सिरोंच्यात घरी तेलुगू, शाळेत मराठी, आणि बाजारात माडिया-गोंडी कानावर पडायचीच. गोदावरी ओलांडली की कालेश्वर, तेलंगण. दोन-तीन भाषा एकाच ओट्यावर नांदतात, हे सरहद्दीवरच्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. म्हणूनच महाराष्ट्राच्या पार दुसऱ्या टोकाला, रायगडातल्या कोर्लईला पहिल्यांदा गेलो, तेव्हाही ते गाव परकं वाटलं नाही.

कुंडलिका समुद्राला मिळते तिथे उत्तरेला रेवदंडा, दक्षिणेला कोर्लई. मुखाशी समुद्रात घुसलेला डोंगर, त्यावर किल्ला. १५९४ साली पोर्तुगीजांनी तो निजामशाहीकडून घेतला. १७४० पर्यंत चौल-कोर्लई मराठ्यांच्या हाती आली. बडे लोक गोव्याला निघून गेले. शेतात राबणारे ख्रिस्ती मात्र जागचे हलले नाहीत. सत्ता गेली, फौज गेली. त्यांच्यापाशी राहिली ती श्रद्धा आणि तोंडातली बोली.

त्या बोलीला क्रिस्ती म्हणतात. शब्द पोर्तुगीज वळणाचे, पण वाक्य मराठीच्या चालीनं जाणारं, क्रियापदाशी येऊन थांबणारं. पिढ्यान् पिढ्या तिला आधार होता गावच्या कार्मेल मातेच्या चर्चचा. मिस्सा लॅटिनमध्ये होई, प्रार्थना पोर्तुगीजमध्ये. राज्य बुडाल्यावरही सव्वादोनशे वर्षं त्या भाषेचा सूर कानावरून गेला नाही, तो या चर्चमुळे.

१९६२ ते ६५ च्या व्हॅटिकन परिषदेनं उपासनेत लोकभाषांना वाट करून दिली. कोर्लईच्या वेदीवर मराठी आली. शाळेत ती होतीच, बाजारातही होती.

कार्मेल मातेचा सण १६ जुलैचा, म्हणजे ऐन आवणीच्या दिवसांतला. कोसळत्या पावसात चर्चच्या दाराशी बायका छत्र्या मिटतात, लुगड्याचे ओले काठ पिळतात, पोरांना दटावतात. ते सगळं क्रिस्तीत. उंबरठा ओलांडून आत गेल्या की त्याच ओठांवर मराठी प्रार्थना येते. दोन्ही भाषांत तीच माया, तीच आर्जवं. हे मी पाहिलं आणि मराठी माणूस म्हणून ऊर भरून आला. तितकीच काळजीही वाटली.

कारण आमच्या तेलुगूच्या पाठीशी नदीपलीकडे अख्खं राज्य उभं आहे. क्रिस्तीला कोर्लईवाचून दुसरं गाव नाही. बोलणारे जेमतेम हजारभर. पोरं मराठीत शिकतात, शिकावीतही. पण घरात आजीला क्रिस्तीतच उत्तर द्यावं, इतकं बळ त्यांना मिळायला हवं. ते बळ देणं आता मराठीच्या हाती आहे. थोरल्या भाषेचं थोरपण धाकटीला सांभाळण्यातच असतं.

किल्ला पाहायला कोर्लईला जाल, तेव्हा पायथ्याच्या गावातही थोडं थांबा. चर्चमध्ये जा, माणसांशी बोला, त्यांची बोली आदरानं ऐका. ती आपल्या महाराष्ट्राचीच आहे.