फांसा आणि बुद्धि

बॅकगॅमन हा आपल्या सारीपाटाच्याच जातीचा खेळ: दोन फांसे, प्रत्येकास १५ सोंगट्या, पटावर २४ घरें. जिंकल्यास बुद्धीचा गौरव आणि हरल्यास फांशांस बोल, ही मनुष्याची जुनी खोड येथें उघडी पडते. आणि ती असेपर्यंत खेळ सुधारत नाहीं.

ही खोड मोडण्यास संगणकाचें साह्य मोठें, असें आम्हांस वाटतें. १९७९ सालीं माँटे कार्लो येथें हान्स बर्लिनर यांच्या संगणकानें जगज्जेते लुइगी व्हिला यांस ७-१ असें हरविलें; परंतु व्हिला अधिक अचूक खेळले, फांसे मात्र यंत्रास अनुकूल पडले, हें मागाहून चाली तपासून बर्लिनर यांनींच सांगितलें. पुढें १९९२ च्या सुमारास जेरल्ड टेसॉरो यांचा 'टीडी-गॅमन' स्वतःशींच लाखों डाव खेळून शिकला, आणि त्याच्यामुळें थोर खेळाडूंनींही आरंभींच्या कांहीं चाली बदलल्या.

आज 'ग्नू बॅकगॅमन' विनामूल्य मिळतो. खेळलेला डाव त्याच्यापुढें ठेविला कीं, दानाचें दैव आणि चालीची चूक हीं वेगवेगळीं मोजून मिळतात. आमचें सांगणें इतकेंच कीं, आधीं आपली चाल सकारण मनांत ठरवावी, मग यंत्रास विचारावें. एरव्हीं पाठांतर होईल, ज्ञान नव्हे. जिंकलेल्या डावांतील चुका प्रथम पाहाव्या. त्या विजयाखालीं झांकलेल्या असतात. दान आपल्या हातीं नाहीं, चाल आहे. घरांतील मुलांस एवढा भेद पटावर कळला, तरी संध्याकाळ सत्कारणीं लागली असें आम्ही समजूं.