सोनगडावरचा एक दिवस

चिंचपाड्याहून पश्चिमेकडे निघालेली गाडी नवापूरला थांबते. त्या स्थानकाचा एक भाग महाराष्ट्रात, तर दुसरा गुजरातेत आहे. पुढे उकाई-सोनगड स्थानकावर उतरून आम्ही पितापुत्र किल्ल्याकडे निघालो. आदल्या रात्री चिरंजीवांनी विषय काढला होता : पेढी आवरून सुरतेस जावे. मी उत्तर दिले नव्हते.

1719 मध्ये पिलाजीराव गायकवाडांनी हा डोंगर घेतला आणि गुजरातेतील गायकवाडी सत्तेचा पाया येथे घातला गेला. 1732 साली डाकोर येथे त्यांचा दग्याने खून झाला. पुत्र दमाजीरावांनी राज्य वाढविले. पुढे बडोदे वैभवास चढले आणि सोनगड मागे राहिला. आज पडक्या तटांवर गवत वाढते.

दूरवर उकाईचे पाणी चमकत होते. 1972 साली पूर्ण झालेल्या त्या धरणाने तापीकाठची कित्येक गावे पोटात घेतली.

मुलगा हळूच म्हणाला, ‘‘पप्पा, राजांनीही हे ठिकाण सोडलेच ना?’’

मी म्हणालो, ‘‘सोडले. आपणही सोडू. पण आधी उधारीची वही उघडू. ज्या आदिवासी शेतकऱ्यांच्या विश्वासावर पेढी उभी राहिली, त्यांच्यापैकी ज्यांना फेडणे शक्य नाही, त्यांच्या नावावर रेघ मारू. एवढे जमले, तर अपरिग्रह आपल्याला थोडा तरी कळला.’’

तो काही बोलला नाही. सूर्यास्तापूर्वी स्थानकावर दोघांनी डबा उघडला, पाणी घेतले आणि चौविहाराचे पच्चक्खाण केले. गाडीत बसताच त्याने विचारले, ‘‘वही उद्याच काढायची का?’’