गिरणी सुटली

नातीचा इंग्रजीचा अभ्यास घेताना अडलो. 'फॅमिली इज' की 'फॅमिली आर'? दोन्ही चालतात. अमेरिकेतला माणूस कुटुंबाला, समितीला, संघाला बहुधा एकवचनच देतो. इंग्लंडातला मात्र समितीचं एकमत असेल तर 'इज' म्हणतो आणि सभासद आपसांत भांडू लागले की 'आर'.

"आपल्याकडे कसं, आजोबा?" नातीने विचारलं.

आपल्याकडे 'लोक आले', पण 'गर्दी आली'. 'मंडळी जेवायला बसली' म्हटलं की अख्ख्या पंगतीला क्रियापद मिळतं एकट्या बाईचं. उलट आजोबा एकटेच घरात शिरले, तरी 'आजोबा आले'! आदराने एकाचे अनेक होतात, समूहात अनेकांचा एक.

सोलापुरात हे एक होणं डोळ्यांना दिसतं. संक्रांतीला सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात. पांढऱ्या बाराबंदीतल्या भक्तांत कुणाच्या घरी मराठी, कुणाच्या कन्नड, कुणाच्या तेलुगू. 'हर बोला हर' असा घोष उठतो. 'बोला' हे सांगणं अनेकांना असतं. प्रतिसाद एकाच गळ्यातून आल्यासारखा येतो.

माझ्या लहानपणी असंच एक एकवचन रोज कानावर पडे: "गिरणी सुटली." १८७७ साली जुनी गिरणी सुरू झाली, पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू अशा गिरण्या आल्या आणि शहर भोंग्यावर उठू-जेवू लागलं. पाळी संपली की फाटकातून माणसांचा लोंढा बाहेर पडे, केसांत, भुवयांवर कापसाची पिंज घेऊन. आमची आजी चुलीकडे वळत म्हणायची, "गिरणी सुटली गं, तवा ठेव." तिच्या लेखी ती सगळी माणसं म्हणजेच गिरणी.

मग एक दिवस तिच्याच तोंडून ऐकलं, "गिरणी बंद पडली." एकवचन तेच, पण या वेळी ते अपुरं पडलं. कुणी यंत्रमागावर गेला, कुणी भिवंडीची गाडी धरली, कुणाच्या घरी बायकांच्या विड्यांवर चूल पेटू लागली. फाटक एक होतं, पण घरोघरचा तवा वेगवेगळा थंडावला. तिथे आजीला इंग्रजांचा तो 'आर' मिळायला हवा होता.

नातीला म्हटलं, "पेपरात 'इज' लिही, गुण मिळतील. पण कुठे गिरणी बंद पडल्याची बातमी दिसली, तर ती मनातल्या मनात अनेकवचनात वाच."