वडाचं दुखणं

मे महिन्यातली सकाळ होती. नळाला पाणी यायचा दिवस, म्हणून मी गच्चीवर पिंपं भरत होतो. खाली फाटकाशी रिक्षा थांबली आणि सोलापूरच्या पूर्व भागातल्या एक अक्का उतरल्या. विड्या वळायचं सूप सांभाळावं तसा त्यांनी दोन्ही हातांत एक उथळ ट्रे धरला होता. ट्रेमध्ये वड. उंची दीड वीत, बुंधा मात्र माझ्या मनगटाएवढा. फांद्यांवर अकरा पानं उरली होती, तीही पिवळी.

"रोज दोन टाइम पाणी घालायलेय की भाऊ. घरात प्यायला कमी पडलं तरी ह्याला घातलेय. तरी पानं गळायलीत बघा."

मी ट्रे हातात घेतला. वजनावरूनच कळलं की आत चिखल आहे. "पाणी जास्त झालं, अक्का," मी म्हणालो.

त्या काहीच बोलल्या नाहीत. पदराने तोंड पुसून रिक्षात बसून निघून गेल्या. ज्या गावात नळाला चार-चार, पाच-पाच दिवसांआड पाणी यायचं, त्या गावात स्वतःच्या घागरीतलं पाणी झाडाला देणाऱ्या बाईला मी सांगितलं होतं की तुम्हीच पाण्याने झाड मारलंत. हे वाक्य मला पुढे बरेच दिवस टोचत राहिलं. ते नुसतं कठोर नव्हतं, चुकीचंही होतं. पण ते कळायला झाड ट्रेमधून बाहेर काढावं लागलं.

आजारी झाड आलं की आधी नखाने साल जराशी खरवडून बघायची. खाली हिरवी ओल दिसली तर जीव आहे. तपकिरी, कोरडं लागलं तर ती फांदी गेली. वडाच्या बाबतीत आणखी एक खूण असते. पान तोडलं की चीक येतो. शेंड्याकडच्या दोन फांद्या वाळल्या होत्या, पण बुंध्याजवळच्या फांदीचं पान खुडलं तेव्हा देठावर पांढरा थेंब जमला. एवढं मला पुरेसं होतं.

मग झाड उपसलं. मातीचा गोळा ट्रेच्या आकाराचाच निघाला, काळाभोर, साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत. वास तुंबलेल्या गटारासारखा. बाहेरची मुळं काळी पडली होती आणि चिमटीत धरून ओढली की वरची साल मोज्यासारखी निघून यायची, हातात नुसता दोरा उरायचा. निरोगी वडाचं मूळ कडक असतं, त्याची टोकं पांढुरकी असतात. अशी मुळं मला फक्त बुंध्याच्या अगदी खाली, मूठभर सापडली.

ही माती शेतातली होती. काळी माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते, आणि पाणी धरून ठेवण्यात तिचा हात कोणी धरणार नाही. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी ह्याच गुणावर उभी असते. पावसाळ्यात शेत पाणी पिऊन घेतं, आणि ज्वारी नंतर पावसाशिवाय, मातीत मुरलेल्या ओलीवर थंडीत पिकते. ओल खाली उतरत जाते तशी मुळंही खाली उतरत जातात. पण ट्रेमध्ये उतरायला जागाच नाही. तीन इंचांवर तळ लागतो.

उथळ भांड्यातली माती खोल भांड्यातल्या मातीपेक्षा ओली राहते, हे पहिल्यांदा कुणाला पटत नाही. घरातला भांडी घासायचा स्पंज पाण्यात बुडवून आडवा धरा. निथळायचं तेवढं निथळू द्या, गळायचं थांबलं की त्यालाच उभा करा. पुन्हा पाणी गळू लागेल. स्पंज तोच, पाणी तेच. फक्त उंची वाढली. मातीच्या तळाशी पाण्याचा एक थर अडून राहतो आणि त्याची जाडी भांड्याच्या खोलीवर नाही, मातीच्या कणांवर ठरते. बारीक कणांच्या मातीत हा थर जाड असतो. खोल कुंडीत झाडाची मुळं त्याच्या वर राहू शकतात, ट्रेमध्ये मात्र अख्खं झाड त्या थरातच उभं असतं. मुळांना श्वास लागतो, आणि प्राणवायू हवेतून जितका सहज पसरतो त्याच्या दहा हजार पट सावकाश पाण्यातून पसरतो. मुळं गुदमरतात, मग बुरशी धरते, मग कुजतात. कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही, म्हणून वर पानं सुकतात. पानं सुकलेली दिसली की माणूस पाणी घालतो. अक्कांच्या जागी मी असतो तरी मीही घातलंच असतं.

निरोगी वडाची माती मी मृगाच्या आसपास बदलतो. हवेत दमटपणा आला की वड आठवड्या-दोन आठवड्यांत नवी मुळं सोडतो. पण सडलेल्या मुळांना मृगापर्यंत थांबता येत नाही. मी संध्याकाळी, ऊन उतरल्यावर काम केलं. मुळं बादलीत बुडवून चिखल सोडवला, काळं झालेलं सगळं स्वच्छ कात्रीने कापलं, मोठ्या जखमांवर बुरशीनाशक लावलं. वाळलेल्या दोन फांद्या उतरवल्या. हिरव्या फांद्यांना आणि उरलेल्या अकरा पानांना हात लावला नाही. धट्ट्याकट्ट्या वडाची मुळं छाटताना पानंही कमी करतात, हे खरं आहे. पण ज्याच्याकडे अकराच पानं आहेत त्याचं अन्न तीच शिजवणार आहेत.

नवं मिश्रण म्हणजे विटांचा चुरा, बारीक खडी आणि जरासं पालापाचोळ्याचं कुजलेलं खत. वीटभट्टीवरच्या फुटक्या विटा फोडायच्या, दोन चाळण्यांतून चाळायच्या. ज्वारीच्या दाण्यापेक्षा बारीक ते टाकायचं, हरभऱ्यापेक्षा मोठं तेही टाकायचं. भुकटी धुऊन काढायची, कारण ती खाली बसून परत तोच चिखल करते. ह्या कामाला दुपार जाते आणि अंगभर लाल धूळ होते. सोलापुरात बोन्साय करायचा असेल तर ही दुपार टाळता येत नाही. जपानी पुस्तकांतल्या अकादामा मातीचं नाव वाचून हळहळण्यापेक्षा आपल्या भट्टीची वीट चाळावी, ती पाणीही धरते आणि हवाही.

झाड परत ट्रेमध्ये घातलं नाही. भाजीवाल्याकडची जाळीची प्लॅस्टिक टोपली घेतली, त्यात बसवलं आणि बुंधा सुतळीने टोपलीला बांधून टाकला. वाऱ्याने झाड हललं की केसासारखी नवी मुळं तुटतात, आणि मेमधला इथला वारा संध्याकाळी चांगलाच उठतो. टोपली कडुनिंबाच्या सावलीत ठेवली, भोवती गोणपाट ओलं करून गुंडाळलं. बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्या दुपारी गच्चीचा स्लॅब पायाला चटका देतो. तिथे ठेवलेल्या ट्रेमधली मुळं शिजतात. दिवसातून तीनदा पानांवर पाण्याचा फवारा. त्यासाठी पिंपात साठवलेलं पावसाचं पाणी वापरलं, कारण आमच्या बोअरच्या पाण्याने पानांवर पांढरे डाग बसतात.

आणि खत नाही. हे सांगितलं की लोक नाराज होतात. अशक्त झाडाला काहीतरी "ताकदीचं" द्यावं असं प्रत्येकाला वाटतं. जखमी मुळाला खताचे क्षार भाजतात. नवी पानं येऊन घट्ट होईपर्यंत मी पेंडेचा कणसुद्धा घालत नाही.

नंतरचे पाच आठवडे काही घडलं नाही. अकरापैकी सात पानं गळली. मी रोज सकाळी जायचो, बघायचो, परत यायचो. हात शिवशिवायचे, उपसून मुळं बघावीत असं दोनदा वाटलं. पूर्वी एक चिंच मी अशीच उपसून उपसून घालवली आहे.

जूनच्या शेवटी जुन्या लाकडातून, साल फोडून, तांबूस टोकाचे तीन कोंब आले.

मी निरोप पाठवला. अक्का आल्या, कोंबांना बोट न लावता बराच वेळ बघत बसल्या. मग आपणहून सांगायला लागल्या. मालक गिरणीत होते. 1877 साली सोलापुरात पहिली कापडगिरणी सुरू झाली आणि पुढे कित्येक घराणी भोंग्यावर जगली; ह्यांचं त्यातलंच एक. गिरणी बंद पडली त्या वर्षी चाळीच्या दगडी भिंतीत बोटभर वड उगवला होता. पाखरांच्या विष्ठेतून पडलेलं बी, चिमूटभर चुन्यात रुजलेलं. तो त्यांनी भिंतीतून सोडवून आणला आणि शेवटपर्यंत सांभाळला. ते गेल्यावर मुलाला वाटलं, बाबांच्या झाडाला चांगली माती घालावी. मित्राचं शेत मंगळवेढ्याला. तिथून तो पोतंभर काळी माती घेऊन आला, उत्तमातली उत्तम.

झाड सोपवताना माणसं सगळं सांगत नाहीत. हिरोशिमाच्या यामाकी घराण्याने 1976 साली अमेरिकेला एक पांढरा पाईन भेट दिला, 1625 पासून सांभाळलेला. 1945 च्या अणुस्फोटाच्या वेळी तो शहरातच होता, स्फोटाच्या जागेपासून साधारण तीन किलोमीटरवर. बागेच्या भिंतीमुळे वाचला. हे ते झाड सांभाळणाऱ्या वॉशिंग्टनमधल्या लोकांना कळलं 2001 मध्ये, त्या घरची नातवंडं झाड बघायला आली तेव्हा.

मी अक्कांची माफी मागितली. म्हटलं, पाणी तुमचं बरोबर होतं. मातीला ते सोडता येत नव्हतं. माती आणणाऱ्याचंही काही चुकलं नव्हतं. शेतासाठी ती सोनंच आहे.

"झाडाचा छळ करता," असं मला अनेकजण म्हणतात. भिंतीच्या फटीत, चुन्यावर, कमी पावसाच्या गावात वड किती खुंटून जगतो ते त्यांनी कोणत्याही जुन्या वाड्याच्या भिंतीवर बघावं. अशा वडाला माणूस रोज पाणी देतो, दर दोन-तीन वर्षांनी माती देतो. छळ होतो तो दुकानातून भेटीसाठी विकत घेतलेल्या आणि दिवाणखान्यात टीव्हीशेजारी ठेवलेल्या झाडाचा. वडाला उजेड लागतो, वारा लागतो. उजेडाशिवाय घरात तो झुरतो.

टोपलीत दोन पावसाळे गेले. तिसऱ्या मृगात वड त्याच्या जुन्या ट्रेमध्ये गेला, विटेच्या चुऱ्यात, आणि मग रिक्षातून आपल्या घरी. बरोबर मी एक अगरबत्तीची काडी दिली: मातीत खोचायची, थोड्या वेळाने काढायची, कोरडी निघाली तर पाणी, ओली निघाली तर थांबायचं.

ह्या मे महिन्यात मी त्यांच्या घरी गेलो होतो. वड गोणपाटाच्या आडोशाला आहे, पानं गर्द आहेत, एका फांदीवरून सुतासारखी पारंबी सुटली आहे. काडी अजून कुंडीतच खोचलेली आहे. उन्हाळ्यात ती सकाळ-संध्याकाळ कोरडी निघते. अक्का रोज दोन टाइम पाणी घालतात.