खड्यांची ओळ

परवा सातवीच्या वर्गात एका बाजूने उघड्या अशा दोन पत्र्याच्या तबकांत मी सारखीच माती भरली. एकाखाली एक वीट दिली, दुसऱ्याखाली चार. झारीने दोन्हींवर तांब्या-तांब्या पाणी सोडले. पहिल्यातून नुसते गढूळ पाणी उतरले. दुसऱ्यातून मातीच वाहत आली. उतार वाढला की पाण्याचा वेग वाढतो, आणि वेगाबरोबर माती ओढून नेण्याची ताकद, असे मी सांगत होतो. इतक्यात मागच्या बाकावरच्या एका पोराने उतारावर आडवी खड्यांची ओळ मांडली. पुन्हा पाणी सोडले, तर ते तिथे थबकले. माती मागे राहिली.

"गुरुजी, हा बांध!"

मी गप्पच झालो. १९७२ च्या दुष्काळात वडिलांनी शेतात घातलेला बांध, दोन तासे जास्त मिळावीत म्हणून, मीच नांगरून टाकला होता.

रविवारी कुदळ घेऊन गावी गेलो.